कोळंब्यातील अंतर्यामी

ईश्वर जगाचा कर्ता असून जगाच्या पलीकडे आहे, या विचाराला तत्त्वज्ञानात अतीतत्व म्हणतात, आणि तोच जगाला आतून धारण करीत कणाकणात वसतो, या विचाराला अंतर्यामित्व. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य उद्दालकाला ज्या अंतर्यामीची ओळख करून देतो, तो पृथ्वीत राहूनही पृथ्वीहून वेगळा असतो. उलट १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘नीतिशास्त्रा’त स्पिनोझा ईश्वर आणि निसर्ग यांत अंतरच ठेवत नाही. अशा सर्वेश्वरवादावर, म्हणजे जग हेच ईश्वर मानणाऱ्या मतावर, एक शंका नेहमी घेतली जाते: सारेच ईश्वर असेल तर भूकही ईश्वरच ठरते, मग ती भागवायची कशासाठी?

शिर्डीत या शंकेला मातीच्या एका भांड्यातून, म्हणजे कोळंब्यातून, उत्तर मिळाले. साईबाबा मोजक्या घरी भिक्षा मागत, भाकरी झोळीत आणि पातळ कालवण टमरेलात घेत, आणि आपण राहत असलेल्या मशिदीतील, म्हणजे द्वारकामाईतील, कोळंब्यात ते सारे ओतत. त्यातून कुत्री, मांजरे, कावळे खात, मशीद झाडणारी बाई तुकडे घरी नेई, आणि कोणालाही हटकले जात नसे, असे गोविंद रघुनाथ दाभोलकर ‘श्रीसाईसच्चरिता’त सांगतात. लक्ष्मीबाई शिंदे यांनी करून आणलेले अन्न बाबांनी कुत्र्यापुढे ठेवले आणि त्याची भूक ती आपलीच भूक असल्याचे सांगितले, ही हकीगतही त्याच ग्रंथातली.

तरीही ‘अल्ला मालिक’ हे शब्द बाबांच्या ओठी सतत असत, म्हणजे त्यांनी मालकी पलीकडच्याकडे ठेवली आणि स्वतःकडे घेतली ती केवळ भूक. शिर्डीच्याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये गीतेवरील टीका पूर्ण करताना ज्ञानेश्वरांनीही ज्याला विश्वाचा आत्मा म्हटले त्याच्याकडेच सर्व जीवांसाठी दान मागितले. देव सर्वांत आहे म्हणून मागणे संपले नाही, उलट ते सर्वांसाठीचे झाले. अंतर्यामित्वाचा अर्थ येथे उलगडतो: ईश्वराचा वास जीवाची उणीव पुसून टाकीत नाही, तर एकाची उणीव दुसऱ्याला परकी राहू देत नाही.

कोळंब्यात घराघरांतील अन्न असे मिसळून जाई, की कोणती भाकरी कोणाची हे सांगता येत नसे, आणि ती कोणासाठी आहे हे कोणी विचारतही नसे.