दोन चौकटी माशी

मृगाच्या आधी पंधरा दिवसांत फांदीला लागलेला मधमाशांचा थवा धरू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि असा थवा दिसला की मी पेटी घेऊन धावतो.

मार्च-एप्रिलच्या थव्याबद्दल मी बोलत नाही. तो कुणीही वाढवतो, कारण त्याला जांभूळच वाढवतं. माझं भांडण मे अखेरच्या थव्याशी आहे. जांभूळ उतरलेलं असतं, हिरडा संपलेला असतो, गेळ्यावर चार फुलं उरलेली असतात, आणि मूठभर माशा करवंदीच्या जाळीला येऊन लटकतात. पेटीतल्या दोन चौकटी जेमतेम झाकतील एवढ्याच. लोकांना वाटतं मधमाशीला थंडी मारते. महाबळेश्वरच्या आसपासच्या खोऱ्यांत सातेरीला, आमच्या देशी मधमाशीला, मारतो तो पाऊस. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुकं आठ-आठ दिवस हलत नाही. माशी दारात येते, बाहेर बघते आणि परत आत जाते. आमचा हिवाळा तो हाच.

हिशेब मांडला तर कुणीही असा थवा सोडून देईल. समजा पंचवीस मेला तो पेटीत बसवला. राणीचं मीलन झालेलं असेल तर पोळं ओढायला दोन-तीन दिवस, मग अंडी, आणि अंड्यापासून कामकरी बाहेर पडायला वीस दिवस. म्हणजे पहिली नवी माशी जूनच्या मध्यानंतर. राणी कुमारी असेल तर मीलनाचा आठवडा आणि अंड्यावर येण्याचे दिवस त्यात धरायचे. नवी माशी जुलैत. तोवर आलेल्यांतल्या किती उरल्या? पिलावा, म्हणजे पोळ्यातली अंडी-अळ्या, पस्तीस अंशांच्या आसपास ऊबदार ठेवायला अंगं लागतात, आणि अंगंच कमी असतात. साखरेचा पाक द्यावा तर एवढ्याशा माशांना तो आटवता येत नाही, ओल्या हवेत आंबतो. पाकाचा वास सुटला की शेजारच्या तगड्या पेटीच्या माशा लुटायला येतात. माशांनी न झाकलेलं पोळं राहिलं की त्यात मेणकिडा पडतो. हे सगळं मला पाठ आहे.

तरी खरा प्रश्न हिशेबाचा नाही, राणीचा आहे. आलेला थवा फुटून आलेला की उपासमारीने पेटी सोडून पळालेला? पळून आलेल्याची राणी अंडी घालणारी असते. पोट आक्रसलेलं असलं तरी भरवशाची. एकदा फुटलेल्या वसाहतीतून दुसऱ्या-तिसऱ्यांदा निघालेला थवा असेल तर राणी कुमारी. ती चौकटीवर ठरत नाही, कडेकडेने धावते, कामकऱ्यांच्या अंगाखाली शिरते. पण घाबरलेली जुनी राणीही धावते. नवशिक्याला वाटतं, राणी दिसली की झालं. राणी दिसण्याला काही अर्थ नाही. ती काय करते ते दिसलं पाहिजे.

आणि कुमारी असली तर तिच्यासाठी नर आहेत का? याला मी एक खूण धरतो. सातेरीच्या नराच्या कोठडीच्या टोपीला मधोमध बारीक भोक असतं. मेच्या शेवटी आवारातल्या तगड्या पेट्या उघडायच्या. तशा टोप्या अजून शाबूत असतील तर आशा आहे. टोप्या संपल्या असतील आणि दारात कामकऱ्या नरांना ओढून बाहेर काढत असतील तर त्या राणीने कितीही दुपारी उड्डाणं केली तरी ती रिकामी परत येणार. पुढे ती घालील ते नुसते नर. किंवा ती परतणारच नाही, मग कामकऱ्याच अंडी घालायला लागतील, एका कोठडीत तीन-तीन, भिंतीला चिकटवलेली. सातेरीत ही गोष्ट फार लवकर होते.

म्हणून सगळा निकाल अंड्यावर. कोठडीच्या तळाशी एकच, मधोमध, केसाएवढं पांढरं. ते दिसलं की थवा ठेवायचा की दुसऱ्या पेटीला जोडायचा हे ठरवता येतं.

गेल्या वर्षापासून मला ते अंडं दिसत नाही.

अळी दिसते, बंद पिलावा दिसतो, राणी दिसते. अंडं दिसत नाही. ऊन पाठीमागून घेऊन चौकट तिरपी धरली तरी तळ नुसता चमकतो. बुरख्याच्या आत चष्मा लावून पाहिला; धुराने आणि घामाने काचा भरतात. भिंगाचा उपाय आहे, पण आवारात चार माणसं असताना खिशातून भिंग काढायला माझा हात तयार नाही. त्यामुळे आता चौकट धाकट्या सुनेच्या हातात जाते. ती महाबळेश्वरच्या मधसंचालनालयात शिकून आली आहे. एक नजर टाकते आणि सांगते, “आबा, अंडी नाहीत.” मी म्हणतो, “मलाही तसंच वाटलं.”

या थव्यांचं वेड लागलं ते थाई सॅकब्रूडच्या काळात. १९९१-९२ च्या सुमारास तो विषाणू दक्षिणेत पसरला, मग वर सरकला. अळ्या कोठडीतच पाण्याने भरलेल्या पिशव्या होऊन मरत. आवारंच्या आवारं रिकामी झाली. तेव्हा जगलेल्या कुठल्याही राणीच्या अंगात काहीतरी असणार, असं आम्ही मानत होतो. मूठभर थवासुद्धा सोडायचा नाही, हा नियम तेव्हाचा. त्या काळी तो बरोबरच होता.

आता काळ वेगळा. २०२२ मध्ये मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, त्यानंतर पोरं पुन्हा पेट्या ठेवू लागली. चांगलं झालं. पण ती पेट्या मोजतात, माशी मोजत नाहीत. त्यांना फसवायला काही जण बसलेलेच आहेत. हे लोक मे महिन्यात वसाहती फोडतात, अर्ध्या भागात कुमारी राणी किंवा नुसता राणीकोश ठेवतात आणि ‘तयार वसाहत’ म्हणून विकतात. घेणारा जुलैत झाकण उघडतो तेव्हा आत जाळी आणि किडे. मग तो म्हणतो, सातेरीत दम नाही, परदेशी मेलिफेरा माशी आणू. मेलिफेराची माझी तक्रार नाही. ट्रक भरून मोहरीच्या शेतांपर्यंत फिरवणाऱ्याला ती फळते. आमच्या धुक्यात ती चालवून दाखवा, मग बोलू.

सुनेचं म्हणणं सोपं आहे. चार चौकटींच्या आतली वसाहत पावसात घालायची नाही. हलकी राणी काढायची, संध्याकाळी मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून थवा मध्यम पेटीला जोडायचा. दोन अशक्त एकमेकांना जोडायच्या नाहीत, त्याने एक तगडी होत नाही. दोन दिवसांनी दारात कागदाचा भुसा दिसला की काम झालं. हे सगळं मीच इतरांना सांगत आलो आहे. फक्त सांगताना माझ्या आवारात एक-दोन चिमुकल्या पेट्या असायच्या आणि पाहुण्यांना मी त्या आधी दाखवायचो. जगलेल्या तगड्या पेटीचं श्रेय पेटीला जातं. दोन चौकटींवरून पाऊस काढलेल्या पेटीचं श्रेय मला मिळतं. ऑक्टोबरात, व्हायटी किंवा कारवी फुलली असेल त्या साली, अशा पेटीच्या दारात परागाचे गोळे घेऊन माशी उतरते तेव्हा गावात मला कुणी ‘माशीचा हात असलेला माणूस’ म्हणतं. ते ऐकण्यासाठी मी किती तगड्या पेट्यांतल्या पिलाव्याच्या चौकटी काढून या मुठीएवढ्या थव्यांना दिल्या असतील, याची नोंद ठेवलेली नाही. ठेवायचं धाडस नव्हतं.

कारण थव्याला धरून ठेवतो तो उघडा पिलावा. तो दिला की सातेरी पळत नाही. पण तो कुठून तरी आणावा लागतो, आणि पावसाच्या तोंडावर चांगल्या वसाहतीतून काढलेली चौकट म्हणजे ऑगस्टमध्ये तिला हव्या असलेल्या माशा. कुणालातरी उपाशी ठेवूनच मी दयाळू होत होतो.

यंदा ठरलं, की अंडी ती बघणार आणि निकालही तिचाच. आलेले थवे तिच्या सांगण्याप्रमाणे जोडले. एक सोडून. तो गोठ्यामागे आहे, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, तोंड थोडं उतरतं, वर गवताची झडी. त्याला मी नुसता पाक देतो असं घरात सांगितलं आहे. खरं तर पिलाव्याची एक चौकट दिली आहे. कुठल्या पेटीतली, ते सुनेला अजून कळलेलं नाही. हे छापून आलं की कळेल.