वेळूच्या बनातला वटवट्या

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने संरक्षित प्रजातींच्या यादीतून २१ नावं काढून टाकली. सावरल्या म्हणून नव्हे, संपल्या म्हणून. त्यांत बॅकमनचा वटवट्या होता. १९६७ साली त्याचं नाव यादीत चढलं, तेव्हाच तो डोळ्यांना दिसेनासा झालेला होता. कागदाला ते मान्य करायला आणखी छप्पन्न वर्षं लागली.

जेमतेम १२ सेंटीमीटरचा जीव. नराचं कपाळ आणि पोट हळदीसारखं पिवळं, माथ्यावर आणि गळ्यावर काळा डाग, पाठ शेवाळी. चोच बारीक आणि टोकाशी किंचित खाली वळलेली. हिवाळा क्यूबात काढायचा आणि फेब्रुवारी सरता सरता, इतर बहुतेक वटवटे अजून दक्षिणेतच असताना, समुद्र ओलांडून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागायचा. तिथून दक्षिणेकडच्या राज्यांतल्या नदीकाठच्या दलदलींत. जुलैत परतीची वाट.

मला या पक्ष्याचं दुःख वेगळं वाटतं ते एवढ्यासाठी, की माणसाला तो भेटला तो बहुतेक वेळा मेलेला. १८३२ साली चार्ल्सटनजवळ जॉन बॅकमन या पाद्र्याने तो प्रथम टिपला, म्हणजे बंदुकीने. नमुने गेले पक्षीचित्रकार ऑड्युबॉनकडे. त्याने पुढच्या वर्षी मित्राचं नाव देऊन पक्ष्याचं वर्णन छापलं, चित्रही काढलं. जिवंत पक्षी त्याने कधीच पाहिला नाही. चित्रातली फुलांची फांदी मारिया मार्टिन या चित्रकर्तीने रंगवली. ती फ्रँकलिनियाची. रानात हे झाड अखेरचं दिसलं १८०३ साली. उरलं ते फक्त बागांमध्ये. रानातून गेलेल्या फुलावर रानातून जाणारा पक्षी बसवला गेला.

मग अर्धं शतक जवळजवळ सामसूम. १८८६ मध्ये लुईझियानात पाँचरट्रेन सरोवराकाठी तो पुन्हा सापडला, तोही बायकांच्या टोप्यांसाठी पक्षी मारणाऱ्या एका शिकाऱ्याला. ३ मार्च १८८९च्या रात्री फ्लोरिडाच्या टोकाला, सॉम्ब्रेरो की इथल्या दीपस्तंभावर आपटून २१ वटवटे मेले. क्यूबाहून रात्रभर उडत आलेले, जमीन हाताशी आलेली, आणि समोर तो दिवा. हा पक्षी कधी आणि कुठून स्थलांतर करायचा, याचा भक्कम पुरावा या कलेवरांनी दिला.

घरटं मात्र ओटो विडमन या पक्षीनिरीक्षकाला सापडलं. मे १८९७, मिसुरीच्या आग्नेय कोपऱ्यात, सेंट फ्रान्सिस नदीच्या दलदलीत. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, सुकी पानं आणि गवत यांचं विणलेलं. आत पांढरीशुभ्र अंडी. या वटवट्याच्या भाऊबंदांच्या अंड्यांवर तपकिरी शिंतोडे असतात. याच्या अंड्यांवर सहसा ठिपका नसायचा. त्या जाळीपुढे वाकलेला विडमन मला डोळ्यांसमोर आणता येतो. या सगळ्या इतिहासात कुणीतरी या पक्ष्याच्या जगण्याकडे पाहतोय, अशा मोजक्या क्षणांपैकी तो एक.

नदीकाठच्या त्या दलदलीत वेळूची बनं होती. मैलोन्‌मैल, माणूस शिरू शकणार नाही इतकी दाट. हा अमेरिकेचा स्वतःचा बांबू. १९८६ साली जे. व्ही. रेमसन या पक्षीशास्त्रज्ञाने मांडलं, की हा वटवट्या या वेळूलाच बांधलेला असावा. मला ते पटतं. बांबू पिढ्यान्‌पिढ्या वाढतो, एकदाच फुलतो आणि बेटच्या बेट वाळून जातं. गडचिरोलीकडच्या माणसाला हे सांगायला नको. ज्याचा संसार अशा बेटात, त्याला ते वाळल्यावर दुसरं गाठावंच लागतं. बनं अफाट होती तोवर ते जमत होतं. मग तळातली जमीन कापसासाठी नांगरली गेली, वेळूत गुरं सुटली, दलदलीचं पाणी चर खणून काढलं, मोठी झाडं करवतीखाली गेली. तिकडे क्यूबात सखल जंगलं तोडून ऊस लागला. दोन्ही घरं एकाच काळात मोडली. या चिमुकल्याविरुद्ध कुणी उठलं नव्हतं. कापूस हवा होता, साखर हवी होती, लाकूड हवं होतं.

पुढचं झरझर घडलं. चार्ल्सटनजवळच्या आयॉन दलदलीत आर्थर वेन या पक्षीनिरीक्षकाला विसाव्या शतकाच्या आरंभी घरटी सापडली होती. त्याच चार्ल्सटनच्या परिसरात १९६२च्या सुमारास अमेरिकेतली शेवटची खात्रीची नोंद झाली. क्यूबातून ऐंशीच्या दशकापर्यंत काही बातम्या येत राहिल्या. १९५४ साली व्हर्जिनियात एक नर गात होता, त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झाला: एकाच पट्टीतली भरभर घरघर, संपली की पुन्हा तीच.

संग्रहालयांच्या खणांत त्याची कातडी आहेत, पायांना चिठ्ठ्या बांधलेली. त्यांवरून पंखाची लांबी मोजता येते. पण अंडी किती दिवसांनी फुटायची, पिल्लं घरट्यात किती दिवस राहायची, याची पक्की नोंद कुणी ठेवली नाही. एवढं कळायला त्या दलदलीत, त्या जाळीपासून थोडं दूर, बंदूक न घेता एक मे महिना बसायला हवं होतं.