कांड्यांची पेटी

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून मालेगावी आला, तो लॅपटॉप बगलेत मारूनच. फराळाचे ताट पुढ्यात, पण स्वारीचे लक्ष पडद्यावर.

"काका, पाकिटं गळताहेत."

मी आपला खिसा चाचपला! मग कळले, संगणकाच्या जाळ्यातून मजकूर तुकड्यातुकड्यांनी धावतो आणि त्या तुकड्यांना ही मंडळी पाकिटे म्हणतात.

इंटेल कंपनीने २०१० साली पुढे आणलेले डीपीडीके हे त्याचे हत्यार. येणारे प्रत्येक पाकीट ठेवायला स्मृतीचा एक तयार कप्पा लागतो. कप्प्यांचे कोठार सामाईक; पण प्रोसेसरचा प्रत्येक कोअर दर वेळी तिथे धावला तर दारातच खोळंबा. म्हणून ज्याच्यात्याच्याजवळ स्वतःची पेटी, फार तर ५१२ कप्प्यांची. कोठारात कप्पे ८१९१. (दोनाच्या घातात एक कमी, ही त्यांची रीत.) चार कोअरांवर सारे सुरळीत चालले. नवे यंत्र सोळा कोअरांचे. सोळा गुणिले ५१२ किती, हे मास्तराला विचारायला नको: ८१९२! पाकिटे पाठवणाऱ्यांच्या पेट्या तुडुंब, घेणाऱ्यांचे हात रिकामे. आणि दुसऱ्याच्या पेटीत हात घालायची मुभा नाही.

हे मी पाहिले होते. आमच्या आबांच्या मागांच्या कारखान्यात प्रत्येक विणकर भरलेल्या कांड्या आपल्या पेटीत साठवून ठेवी; उगाच टोपलीपर्यंत फेरी नको. एका रात्री टोपली रिकामी झाली. धोट्यात घालायला कांडी नाही, म्हणून दोन माग उभे राहिले. आबांनी कांड्या भरणाऱ्या पोराला कामचुकार म्हणून सर्वांदेखत हाकलले. शेजारच्या पेट्या काठोकाठ भरलेल्या मला दिसत होत्या. आबांपुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

"मग पेटी लहान कर," मी पुतण्याला म्हणालो.

"फार लहान केली तर कोठाराच्या फेऱ्या वाढतात, काका. आणि कोठार फार वाढवलं, तर प्रोसेसरच्या जवळच्या स्मृतीत ते मावत नाही. वेग पडतो."

शेवटी त्याने पेटी १२८ ची केली, कोठार १६३८३ चे. गळती थांबली. स्वारीने चार चकल्या एका दमात संपवल्या.

"आणि त्या पोराचं काय झालं, काका?"

तो माझ्याच वर्गात होता. दुसऱ्या दिवसापासून शाळेतही आला नाही.