बस येऊलालीय

मराठी कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये दर दोन-तीन वर्षांनी एक तरी मंजुळा उभी राहतेच. 'ती फुलराणी'मधलं ते स्वगत, ज्यात मंजुळा मास्तरला मनातल्या मनात पुरता आडवा करते, ते एकपात्रीसाठी सोयीचं आहे आणि टाळ्यांसाठी हमखास. पाच-सात मिनिटांत राग, रडू, माज सगळं दाखवता येतं. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आणलं. भक्ती बर्वे मंजुळा झाल्या, सतीश दुभाषी प्रोफेसर जहागीरदार. पन्नास वर्षं झाली, तरी स्पर्धेत मुली अजून तेच स्वगत करतात.

मी नागपूरला शिकत होते तेव्हा आमच्याकडंही ते बसवायचं ठरलं. मला वाटलं, हा रोल आपलाच. बाकीच्या मुलींना जी भाषा शिकावी लागणार होती तिच्या जवळपासची मी रोज बोलत होते. नाटक बसवणाऱ्या सीनियरनं माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं फार खरंखुरं वाटतंय गं. मंजुळाचं कसं, ऐकायला मजा आली पाहिजे." रोल गेला एका डॉक्टरांच्या मुलीला. तिनं छान केला, खोटं कशाला बोलू. मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करत होते. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त ते वाक्य डोक्यात बसलं. म्हणजे स्टेजवर अशुद्ध बोलायचा हक्क त्यालाच, जो खाली उतरल्यावर शुद्ध बोलू शकतो.

आमची भाषा कुठली, हे सांगायला थोडी जागा लागेल. जिवती हे चंद्रपूर जिल्ह्याचं टोक. माणिकगडचा पहाड चढून वर गेलं की आमचा तालुका, आणि पलीकडं तेलंगणा. मूळ वस्ती गोंड आणि कोलामांची. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून बरीच कुटुंबं इथं चढून आली, त्यांत आमचं. त्यामुळं आठवडी बाजारात उभं राहिलं तर गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी, मराठवाड्याची मराठी आणि तेलुगू असं सगळं कानावर येतं. सीमेवरची काही गावं तर दोन्ही राज्यं आपापली म्हणतात, आणि तिथली माणसं दोन्हीकडं मतदान करून मोकळी होतात.

घरात आम्ही म्हणतो, बस येऊलालीय. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यांपाशी उतरलं की म्हणायचं, बस येऊन राहिली. नागपुरात 'येऊलालीय'ला हसतात. नागपूरची पोरं पुण्याला गेली की त्यांच्या 'येऊन राहिली'ला हसतात. पुण्यात बस 'येतेय'. बस तीच असते, आणि आमच्याकडची तर बहुतेक वेळा येतच नसते.

हे सगळं आठवलं ते अमेरिकन टीनएज पिक्चरांमुळं. जुनी पुस्तकं, जुनी नाटकं घ्यायची आणि हायस्कूलच्या कॉरिडॉरमध्ये नेऊन सोडायची, हा एक अख्खा प्रकार नव्वदच्या दशकात जोरात होता. १९९५ चा 'क्लूलेस' म्हणजे जेन ऑस्टिनची 'एमा'. १९९९ मध्ये शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' आला, आणि त्याच वर्षी 'पिग्मॅलियन'वरून 'शी इज ऑल दॅट'. मी हे पिक्चर उशिरा पाहिले, हॉस्टेलच्या वायफायवर, एकामागोमाग एक. मजा आली. मग लक्षात आलं, तिन्हींत काम एकच चाललंय: एका मुलीला दुरुस्त करणं. कुठं तिचा स्वभाव, कुठं आवड, कुठं सगळंच. क्लासिक म्हणून हजारो गोष्टी पडल्या असताना या मंडळींना नेमक्या ह्याच कशा सापडल्या? ('शी इज द मॅन' आणि 'ईझी ए' यांना मी यातून सोडते. त्यांतल्या मुली निदान स्वतःची भानगड स्वतः करतात.)

आपण हसण्यात अर्थ नाही, कारण हे दुकान आपल्याकडं फार जुनं आहे. त्याच 'टेमिंग ऑफ द श्रू'चं वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'त्राटिका' केलं आणि शाहूनगरवासी मंडळीनं ते गाजवलं. नाव बघा. राक्षसिणीचं नाव, आणि तिला वठणीवर आणण्याची गंमत. त्या मानानं 'टेन थिंग्ज'मधल्या कॅटला बरंच सोडून दिलंय. ती शेवटपर्यंत तुसडी राहते, फक्त थोडी कमी.

माझा जीव मात्र 'पिग्मॅलियन'मध्ये अडकलेला आहे. ओव्हिडच्या मूळ गोष्टीत पिग्मॅलियन हा सायप्रसचा शिल्पकार. तो हस्तिदंताची बाई घडवतो, तिच्या प्रेमात पडतो, देवी तिच्यात प्राण घालते. ती बाई एक शब्द बोलत नाही. १९१३ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या शॉच्या नाटकाची करामत ही, की त्यानं पुतळ्याला तोंड दिलं, आणि तेही चुकीच्या वस्तीतलं. एलायझा दिसायला ठीकच असते. तिला दुकानात नोकरी मिळत नाही ती तोंड उघडल्यावर काय निघतं त्यामुळं. म्हणून तिचा मास्तर शिंपी किंवा न्हावी नसून ध्वनिशास्त्रज्ञ आहे.

'शी इज ऑल दॅट'मध्ये पैज तीच आहे: वर्गातली नकोशी मुलगी घ्यायची आणि तिला प्रॉमची राणी करून दाखवायची. लेनी बॉग्ज चित्रं काढते, कपड्यांना रंग लागलेले, बाप लोकांचे स्विमिंग पूल साफ करतो. आता बापाच्या या कामातून केवढी गोष्ट निघाली असती! पण पिक्चर काय करतो? चष्मा काढतो, केस कापतो, लाल ड्रेस घालून तिला जिन्यावरून खाली आणतो. झालं. तिच्या बोलण्यातला एक शब्दसुद्धा बदलावा लागत नाही. शॉनं दिलेलं तोंड काढून घेतलं आणि गोष्ट परत ओव्हिडच्या पुतळ्यावर आली. २०२१ मध्ये 'ही इज ऑल दॅट' आला. त्यात मुलगी मुलाला सुधारते, पण दुरुस्तीचं सामान तेच, केस आणि कपडे.

मराठीतही हे झालंच. २०२३ चा 'फुलराणी' पाहिला तर फुलवाली जाऊन कोळीवाड्यातली मुलगी आली, आणि तिला तयार करायचं ते सौंदर्यस्पर्धेसाठी. प्रियदर्शिनी इंदलकर मनापासून काम करते, सुबोध भावे आहेत, गाणी आहेत. पण पुलंच्या नाटकात उच्चार हाच सगळा मामला होता. तो इथं रॅम्पवर चालण्याच्या मागं गेला. मला वाटतं, रूप बदलणं ही आता कुणाला न दुखवता दाखवता येणारी गोष्ट आहे. जिमची जाहिरात असते तशी. बोली बदलणं दाखवायचं तर कुणाची बोली, कुठली वस्ती, कुठली जात हे सगळं टेबलावर येतं, आणि मग रोमँटिक कॉमेडीतली कॉमेडी पळते. महाराष्ट्रात मुलीच्या चष्म्यावरून तिचं घर कळत नाही. 'पानी' म्हणते की 'पाणी', यावरून लोक आडनावापर्यंत पोचतात.

मुलगा असेल तर वेगळं असतं, हेही म्हणून टाकते. 'टाइमपास'मधल्या दगडूची भाषा अख्ख्या महाराष्ट्रानं जशीच्या तशी डोक्यावर घेतली. तो बिनधास्त ठरला. तीच वाक्यं प्राजक्तानं म्हटली असती तर?

'क्लूलेस' यांत शहाणा निघतो. त्यात टाय नावाची नवी मुलगी शाळेत येते, गरीब वस्तीतला उच्चार घेऊन. बेव्हर्ली हिल्सची शेर तिला केस आणि कपडे देतेच, पण नवे शब्दही वापरायला लावते. आणि टायला जो स्केटबोर्डवाला मुलगा आवडतो तो शेरला आपल्या लायकीचा वाटत नाही. हे थेट ऑस्टिनचं आहे. एमा हॅरिएटला शेतकऱ्याशी लग्न करू देत नाही, तेच. २०१० मध्ये सोनम कपूरचा 'आयशा' आला, त्यात दिल्लीची आयशा आणि बहादूरगढची शेफाली. मागच्या उन्हाळ्यात मी तो मोबाइलवर डाउनलोड करून गावी नेला होता, कारण पहाडावर रेंजचा भरवसा नसतो. माझी मावसबहीण आणि मी ओसरीवर फोन तांब्याला टेकवून पाहिला. ती तेव्हा बारावी झालेली. अर्ध्यात तिनं पिक्चर थांबवला आणि विचारलं, "पिक्चर शेफालीचा कामून नाही?"

मी उत्तर द्यायला गेले की कादंबरीच एमाची आहे वगैरे. तिला ते नको होतं. सुधारणाऱ्या मुलीला मन असतं, पश्चात्ताप असतो, हिरो असतो. सुधारली जाणारी मुलगी मधल्या अर्ध्या तासाची असते. आम्ही दोघी त्या अर्ध्या तासातल्या.

एके ठिकाणी मला हे हसणं वेगळं दिसलंय, झाडीपट्टीत. आमच्या पहाडावर कापूस-तूर, पण खाली पूर्वेला धानाचा मुलूख आहे. तिथं धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. तिथल्याच परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मी पाहिलेल्या दोन-तीन नाटकांत नायक-नायिका पुस्तकी मराठीत रडत होते आणि झाडीबोली सगळी विनोदी पात्राच्या वाट्याला आली होती. आधी मला राग आला. मग मांडवाकडं पाहिलं. हसणारे हजारभर लोक घरी जाऊन तेच बोलणार होते. आपला माणूस आपल्यासारखं बोलतोय म्हणून ते हसत होते. सभागृहातल्या मंजुळाला हसणारे तिच्यासारखं बोलत नाहीत, एवढाच फरक, आणि तो लहान नाही.

शेवटाचं भांडण तर शंभर वर्षं जुनं आहे. १९१४ मध्ये लंडनला हिगिन्सचं काम करणाऱ्या बीअरबोम ट्रीनं, पडदा पडता पडता एलायझाकडं फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे लोकांनी समजून घ्यावं की यांचं जमलं. शॉ भडकला. १९१६ च्या छापील आवृत्तीला त्यानं लांबलचक पुरवणी जोडली. त्यात एलायझा हिगिन्सशी लग्न करत नाही, फ्रेडीशी करते. दोघं फुलांचं दुकान काढतात. दुकान नीट चालत नाही, कारण दोघांनाही धंदा येत नाही, मग हिशेब शिकायला क्लास लावतात. सिनेमावाल्यांना हे कुठून परवडणार? 'माय फेअर लेडी'नं एलायझाला परत मास्तरच्या घरात आणून सोडलं. टीनएज पिक्चरांना तर ही अडचणच नाही. ते प्रॉमच्या रात्री संपतात. सोमवारी मुलगी शाळेत कशी बोलली, घरी कशी बोलली, कुणी विचारत नाही. मला ती पुरवणी नाटकाइतकीच आवडते. एकदा जीभ बदलली की पुढं खायचं काय आणि राहायचं कुठं, हे त्यात आहे.

बहीण आता पुण्याला नर्सिंग करतेय. पहिल्या महिन्यातच तिनं मला कामाला लावलं. वर्गात बोलायच्या आधी ती व्हॉइस नोट पाठवते, मी ऐकून दुरुस्त्या सांगते. मी काही हिगिन्स नाही. माझा स्वतःचा 'ण' घाई झाली की घसरतो. पण तोंडी परीक्षेत परीक्षकाचं लक्ष उत्तराकडं राहावं, एवढ्यापुरतं ते करावं लागतं, असं आमचं दोघींचं ठरलंय. मी 'पानी' दुरुस्त करते, 'कामून' दुरुस्त करते. 'येऊलालीय' मी दुरुस्त केलं नाही, कारण तिनंच सांगितलं, "ते राहू दे, ते मी घरी वापरते." वॉर्डात मात्र तिला उलटाच अनुभव आला. मराठवाड्याकडची एक म्हातारी कुणालाच नीट काही सांगेना. हिनं 'काय होऊलालंय आजी' म्हटल्यावर तिनं सगळं दुखणं सांगितलं, वर सुनेच्या तक्रारीही. हे ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा तिच्या पास होण्याचाही झाला नाही.

मावशीला मात्र हे प्रकरण पटलेलं नाही. दिवाळीआधी बहिणीनं वर्गातून थेट फोन लावला आणि तोंडात बसलेलं तसंच निघालं, "आई, पाणी आलं का गं आज?" मावशी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "कोन बोलूलालंय?" तेव्हापासून फोन आला की ती आधी विचारते, आज कोनती बोलूलालीस, हिकडची का तिकडची. बहीण म्हणते, जेवलीस का एवढंच विचारूलाले, त्यात काय हिकडचं न् तिकडचं.