घोषणेत नसलेलं नागपूर

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ मेंढा-लेखाची ही घोषणा काही दिवस डोक्यातून जात नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावानं ती दिली, तेव्हा वनहक्क कायद्याचा पत्ता नव्हता. गाव आधी सरकार झालं. कायदा आला 2006 साली, आणि सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये कागदावर चढला. कायद्याची भूमिकाही तीच : हक्क पूर्वीपासून होतेच, आम्ही ते मान्य करतो. मग त्यासाठी दावा, पुरावे, समित्या कशाला? आणि हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना लागला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

घोषणेत दिल्ली आहे, मुंबई आहे, गाव आहे. नागपूर नाही. हे मला नागपूरकर म्हणून सलतं. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय इथे, सिव्हिल लाइन्समध्ये. आणि हे शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, 1702 च्या सुमारास. पुढे 1743 मध्ये रघूजी भोसल्यांनी सत्ता घेतली. तेव्हाच्या गोंड राजाला, बुऱ्हाण शहाला, त्यांनी हाकललं नाही. त्याची गादी राहिली, तनखा राहिला. राज्य तेवढं गेलं. शहराच्या महाल भागातून जाताना हा राजा हल्ली फार आठवतो. मान्यता त्यालाही होतीच की!

पण ग्रामसभा म्हणजे राजा नव्हे. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीनं होतात. तनखा देऊन गप्प बसवायला तिथे एक माणूस नाही. यात मला आशा दिसते. तरी दोन गावांच्या जंगलाच्या हद्दी एकमेकींत घुसल्या, तर निवाडा कोणी करायचा? ‘आम्हीच सरकार’ म्हणणारी दोन गावं समोरासमोर आली, तर तिसरं कुणी लागेलच. ते तिसरं सरकारच असावं का? पूर्वी मी ठामपणे नाही म्हणालो असतो. आता तसं म्हणवत नाही, आणि हो म्हणायला मन धजत नाही.

मे 2020 मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी वनहक्क कायद्यात बदल केला. जिल्हा समितीनं नाकारलेल्या दाव्यावर आता विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं. गडचिरोलीच्या गावांसाठी ते आयुक्त नागपुरात बसतात.