कुंपणाची पलीकडची बाजू

माझ्या थोरल्या बंधूंनी आयुष्याची पंचवीस वर्षे बोटीवर काढली. अमेरिकेच्या बंदरांत उतरल्यावर शहराबाहेरच्या वस्तीत घरोघरी दिसणारी पांढरीशुभ्र कुंपणे त्यांच्या मनात भरली होती. निवृत्त होऊन ते इब्रामपूरच्या घरी परतले आणि २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी घराच्या उत्तरेकडील जुनी वय उपटून तेथे विनाइलचे, म्हणजे कडक पीव्हीसीचे, कुंपण उभे केले. “आता जन्मभर याला हात लावायला नको,” असे त्यांनी मला मोठ्या समाधानाने कळविले. वाचकहो, जन्मभर हात लावावा लागत नाही अशी वस्तू माझ्या तरी पाहण्यात अद्याप आलेली नाही.

जुन्या वयीला तर दरवर्षीच हात लावावा लागे. आमच्या पेडणे तालुक्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात बांबूच्या कांबी कुजत, माडाची चुडते गळून पडत, आणि वाळवी उरलेल्या मेढींचा समाचार घेई. दिवाळी आटोपली की एका सकाळी वडील कोयता घेऊन निघत. पलीकडून शेजारचे काकाही निघालेले असत. पांगाऱ्याच्या फांद्या रोवायच्या, मधे मोगली एरंडाचे दांडे खोचायचे, खालच्या भोकांत करवंदीच्या काट्या कोंबायच्या आणि वर कांबी आवळायच्या. एकजण या बाजूने दोरी ओवी, दुसरा त्या बाजूने ओढी. दुपारी काकी पोहे देत, आमची आई चहा करी. आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घर आमचे एकटेच. परंतु वय घालण्याच्या दिवशी कोणते घर कोणाचे, हे परक्यास ओळखता आले नसते. ती वय दरवर्षी वीतभर इकडे नाहीतर वीतभर तिकडे सरके. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही.

परदेशी म्हणून प्लास्टिकला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मोगली एरंड आणि घायपात ही दोन्ही अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली. आज ती आपल्या बांधावर अशी रुजली आहेत की त्यांना पाहुणे म्हणताना जीभ अडखळते. पीव्हीसी हा पदार्थ १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती योगायोगाने लागला. उन्हात ठेवलेल्या काचपात्रात वायूचा पांढरा घट्ट गोळा झालेला त्याला दिसला. तेव्हा त्याचा उपयोग कोणास सुचला नाही. त्याची कुंपणे होतील, आणि ती इब्रामपूरपर्यंत येतील, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

दोष पदार्थाचा नव्हता, दोरीचा होता. वय डोळ्यांनी घालत, हे कुंपण दोरी लावून घालावे लागले. दोरी लागल्यावर जुन्या खुणा आठवल्या, आणि ‘तुम्ही दीड हात आत आलात’ असे काका म्हणाले. दादांनी कागद दाखविले. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण मी तोवर पुस्तकातच वाचली होती. दोन्ही घरांचे बोलणे थांबले. २०२१ साली काका वारले. दादा गेले, पण रस्त्याकडच्या दरवाजाने, परक्या माणसासारखे; आणि अंगणाच्या कडेलाच उभे राहून परतले. मी माझ्या धर्मग्रामात होतो. दुसऱ्यांच्या घरची भांडणे मिटविण्यात माझे निम्मे दिवस जातात. आपल्या घरच्या भांडणाविषयी मात्र मी तीन वर्षे सोयीस्कर मौन पाळले, हे येथे कबूल केले पाहिजे.

२०२४ च्या ऑक्टोबरात आठ दिवसांच्या सुटीवर घरी गेलो, तो कुंपणाची दशा पाहून हसू आवरेना. खालचा हातभर भाग जांभ्या मातीच्या शिंतोड्यांनी तांबडा झाला होता. दादांनी तो राखेने आणि नारळाच्या सोडणाने भांडी घासावी तसा घासला होता. त्यामुळे बारीक ओरखडे पडून मळ उलट त्यांतच घट्ट बसला. एका खांबाजवळ कोणी पातेरा पेटविला होता, आणि तो खांब दमलेल्या माणसासारखा वाकला होता. पीव्हीसी सुमारे ऐंशी अंशांवर मऊ पडते, आणि जळाले तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा विषारी वायू निघतो. त्याच्या आसपास शेकोटी कदापि नको. आडव्या पट्ट्या दादांनी ‘मजबुतीसाठी’ खांबांना स्क्रूने पक्क्या केल्या होत्या. दोन-अडीच मीटरची पट्टी तीस अंशांच्या फरकाने चार-पाच मिलिमीटर लांबते. तिला सरकायला जागा नसेल तर ती धनुष्यासारखी वाकते. पट्ट्या खांबांच्या खाचांत मोकळ्याच राहिल्या पाहिजेत. आम्ही सारे स्क्रू काढले. पोकळ खांबांच्या आत आधाराला घातलेले लाकूड दोन ठिकाणी वाळवीने पोखरले होते. तेथे लोखंडी नळी घातली. पायथ्याशी खडी पसरली, म्हणजे पावसाचा मार मातीवर न बसता खडीवर बसेल.

धुण्यासाठी मऊ फडके, साधा साबण आणि घरचेच माडाचे व्हिनेगर पुरते. तीन भाग व्हिनेगर, सात भाग पाणी. विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर मात्र त्यात कोणी मिसळू नये. क्लोरीनचा वायू सुटून छाती भरते.

दोन दिवसांत आमची बाजू लख्ख झाली. तिसऱ्या दिवशी मी फळ्यांच्या फटीतून पलीकडे डोकावलो. उत्तरेची बाजू सावलीतली. ती शेवाळाने हिरवीगार झाली होती. सात पावसाळे काकी रोज आपल्या अंगणातून तेवढेच पाहत होत्या. पांढरा रंग आम्हांला आणि हिरवी घाण त्यांना, अशी वाटणी आम्ही नकळत करून ठेवली होती. आणि ती बाजू धुवायची तर त्यांच्याच अंगणात उभे राहिले पाहिजे.

दादा म्हणाले, “राहू दे. ती बाजू आपल्याला कुठे दिसते?”

मी बादली घेऊन रस्त्याने वळसा घातला. काकी तुळशीपाशी बसल्या होत्या. मी हेतू सांगितला. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. “बाबू, कुंपणाला पाठ असते, हे तुझ्या दादाला सहा वर्षांनी कळले म्हणायचे!” मग म्हणाल्या, “बादली कशाला आणलीस? पाणी आहे आमच्या विहिरीला.”

अर्धी बाजू धुऊन होते न होते, तोच दादा दुसरे फडके घेऊन रस्त्याने आले. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. दीड हाताचा प्रश्न आजही जेथल्या तेथे आहे. दुपारी पोह्यांच्या ताटल्या घेऊन काकी कुंपणापाशी आल्या आणि थबकल्या. आता पूर्वीसारखे भोक नव्हते. पट्ट्या मोकळ्या केलेल्याच होत्या. दादांनी मधला एक भाग खाचेतून वर उचलला आणि बाजूला ठेवला.

तो पावसाळ्यापूर्वी परत बसवू, असे ते त्या वेळी म्हणाले होते. २०२५ चा पावसाळा उलटून गेला. तो भाग काकींच्या पडवीत भिंतीला टेकून उभा आहे, आणि त्या त्याच्यावर गोधड्या वाळत घालतात.