हसू आलं खरं, पण…

मैत्रिणींनो, रात्री पानं वाढता वाढता तुमच्याकडेही टीव्ही चालू असेलच! 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सोनी मराठीवर २०१८ साली आली. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी आमच्या सासूबाईंना ठसका लागतो. नम्रता संभेरावची लॉली तर सगळ्यांची लाडकी. त्याआधी, २०१४ पासून, 'चला हवा येऊ द्या'मधल्या भाऊ कदमांच्या साडीलाही आम्ही पोट धरून हसलो.

परवा मात्र कुठल्याशा कार्यक्रमात जाड बायकोवर विनोद झाला. आमचे हे खो खो हसले, आणि अंगानं भरलेली माझी लेक पान अर्धवट टाकून उठली. मी टीव्ही बंद केला.

"अगं, थट्टाच ती!" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या डब्यातल्या दोन्ही चपात्या तशाच परत आल्या.